हजेरी घेण्याआधी

२६ सप्टेंबर २०२४ रोजी एर्फुर्टमध्ये जर्मनीतल्या थ्युरिंगिया राज्याच्या नव्या विधानसभेची, म्हणजे लांडटागची, पहिली बैठक भरली. पहिल्या बैठकीचा कार्यक्रम ठरलेला असतो. वयाने सर्वांत ज्येष्ठ सदस्य तात्पुरता खुर्चीत बसतो, दोन शब्द बोलतो, सदस्यांची नावं पुकारून गणपूर्ती झाल्याचं जाहीर करतो आणि मग सभागृह आपला अध्यक्ष निवडतं. आपल्याकडे हंगामी अध्यक्ष करतात तसलंच काम. त्या दिवशी खुर्चीत होते ७३ वर्षांचे युर्गेन ट्रॉइटलर, 'ऑल्टरनेटिव्ह फॉर जर्मनी' म्हणजे एएफडी या अतिउजव्या पक्षाचे. ते भाषण करत राहिले, पण नावं पुकारेनात. सीडीयू या मध्यम-उजव्या पक्षाचे आंद्रेआस ब्युल पुन्हा पुन्हा उठून सांगत होते की आधी हजेरी घ्या, आधी गणपूर्ती ठरवा, म्हणजे आम्हाला कामकाजाच्या नियमांत दुरुस्ती मांडता येईल. खुर्चीतून उत्तर येत होतं की तुम्हाला बोलण्याचा अधिकार नाही. बैठक थांबत होती, सुरू होत होती, परत थांबत होती. हे सगळं थेट दाखवलं जात होतं. आरडाओरडा, टेबलांवरच्या थापा आणि त्या सगळ्यावर एका म्हाताऱ्या माणसाचा न चढणारा, कागदावरून वाचणारा आवाज. शेवटी ब्युल यांनी थेट म्हटलं की तुम्ही इथे जे चालवलं आहे ते सत्ता बळकावणं आहे. १९३३ मध्ये हिटलरने सत्ता घेतली, त्यासाठी जर्मन माणूस जो शब्द वापरतो, तोच शब्द.

ते दृश्य मनातून जाईना. कोणी कोणाला मारलं नव्हतं, खुर्च्या फेकल्या नव्हत्या. फक्त एका माणसाने हजेरी घेतली नाही, आणि एका राज्याचं विधिमंडळ जन्मालाच येईना.

त्याहून जास्त बोचलं ते हे, की असं होणार हे लोकांना आधीपासून ठाऊक होतं. 'फेरफासुंग्सब्लॉग' या घटनाविषयक नियतकालिकाच्या मंडळींनी २०२३ मध्ये 'थ्युरिंगिया प्रकल्प' नावाचं काम हाती घेतलं होतं. एखाद्या हुकूमशाही वृत्तीच्या पक्षाच्या हाती या राज्यात एक तृतीयांश जागा आल्या, तर राज्यघटनेतल्या आणि कामकाजाच्या नियमांतल्या कुठल्या फटीतून तो आत शिरेल, हे त्यांनी शोधलं. न्यायाधीश, अधिकारी, शाळा, विद्यापीठं, पोलिस यांच्याशी बोलून यादी केली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये शिफारशी छापल्या. सभागृहाच्या अध्यक्षपदासाठी सर्वांत मोठ्या पक्षानेच नाव सुचवायचं, हा जुना नियम त्यात होता. तो बदला, सुरुवातीपासून सगळ्या पक्षांना नाव सुचवू द्या, इतकंच त्यांचं म्हणणं. जुन्या सभागृहात साध्या बहुमताने होण्यासारखं हे काम झालं नाही. निवडणूक झाली, एएफडी सर्वांत मोठा पक्ष ठरला, आणि चार ओळींचा बदल करायला राज्याच्या घटना न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं. वायमारच्या त्या न्यायालयाने २७ तारखेच्या रात्री निकाल दिला, २८ ला सभागृह परत बसलं, नियम बदलला, आणि सीडीयूचे थाडेउस क्योनिग ५४ मतं मिळवून अध्यक्ष झाले. एएफडीच्या उमेदवाराला ३२ मतं पडली. म्हणजे शेवट नीट झाला. पण 'शेवट नीट झाला' हे वाक्य मला तेव्हाही पुरेसं वाटलं नाही आणि आताही वाटत नाही.

अशा निवडणूक निकालानंतर नागरिकाच्या मनात पहिली येते ती भीतीची आणि रागाची लाट. १ सप्टेंबरच्या संध्याकाळी सहाच्या ठोक्याला टीव्हीवर रंगीत खांब वर सरकले आणि मोजणीअखेर एएफडीचा खांब ३२.८ टक्क्यांवर थांबला. सीडीयू २३.६. दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच एखाद्या जर्मन राज्यात अतिउजवा पक्ष पहिला आला होता. तोही कुठला, तर राज्याच्या घटना-संरक्षण खात्याने, म्हणजे अंतर्गत गुप्तचर खात्याने, २०२१ मध्येच 'सिद्ध अतिउजवा' ठरवलेली शाखा, आणि तिचा नेता ब्योर्न ह्योके. नाझींच्या एसए या टोळीची बंदी असलेली घोषणा दिल्याबद्दल त्याला त्याच वर्षीच्या मे महिन्यात हाले इथल्या न्यायालयाने १३ हजार युरोंचा दंड केला होता. थ्युरिंगियाला या गोष्टीची वेगळी आठवण आहे. १९३० च्या जानेवारीत जर्मनीतल्या राज्यांपैकी पहिला नाझी मंत्री, विल्हेल्म फ्रिक, इथेच झाला, आणि त्याच्याकडे गृह आणि शिक्षण ही खाती होती. वायमारच्या वरच्या टेकडीवर पुढे बुखेनवाल्डची छळछावणी उभी राहिली. हे सगळं डोक्यात घेऊन तो खांब पाहिला की पोटात गोळा येतो. मग माणूस रस्त्यावर उतरतो, किंवा चिडतो, किंवा फोन बाजूला ठेवून आठवडाभर बातम्या बघत नाही. तिन्ही समजण्यासारखं आहे.

पण त्या ३२.८ चं पुढे काय होतं, हे बघायला थोडं गणित करावं लागतं. सभागृहात ८८ जागा. एएफडीला ३२. घटनादुरुस्तीसाठी, सभागृह विसर्जित करण्यासाठी, घटना न्यायालयाचे न्यायाधीश निवडण्यासाठी दोन तृतीयांश, म्हणजे ५९ मतं लागतात. ज्याच्याकडे ३० जागा आहेत तो हे सगळं अडवू शकतो. सरकार त्याचं नसलं तरी. आणि एक बारीकशी गोष्ट आणखी आहे. राज्यात न्यायाधीशाला कायमची नेमणूक द्यायची तर एका निवड समितीची संमती लागते. त्या समितीचे दोन तृतीयांश सदस्य सभागृहाने दोन तृतीयांश मतांनी निवडायचे, आणि प्रत्येक पक्षाचा किमान एक माणूस तीत असायला हवा. हा नियम करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, लहान पक्षालाही जागा मिळावी. आता तोच नियम उलटा फिरतो. एका पक्षाने माणूस दिला नाही किंवा मत दिलं नाही, की समितीच बनत नाही. एएफडीने नेमकं तेच धरून ठेवलं आणि बदल्यात सभागृहाचं उपाध्यक्षपद मागितलं. बाहेर चौकात वीस हजार लोक उभे असोत की दोनशे, या समितीच्या खोलीत त्याने फरक पडत नाही. इथे फरक पडला असता तो आधीच्या वर्षी, जेव्हा कोणीतरी आपल्या आमदाराला पत्र लिहून विचारलं असतं की हा नियम तुम्ही बदलताय का, आणि नसाल तर का नाही.

दिल्लीत किंवा मुंबईत कोण आमदाराला कामकाजाच्या नियमांबद्दल पत्र लिहितो? जर्मनीतही फार कोणी लिहीत नाही.

तरी तिथे एक उदाहरण असं घडलं की ज्याने थोडा धीर येतो. केंद्रात, कार्ल्सरुहेच्या घटना न्यायालयाची रचना साध्या कायद्यात होती, म्हणजे साध्या बहुमताने मोडता येण्यासारखी. सोळा न्यायाधीश, बारा वर्षांची मुदत, दोन पीठं, निकालांचं बंधन. पोलंड आणि हंगेरीत न्यायालयं कशी पोखरली गेली हे पाहून कायद्याच्या अभ्यासकांनी आणि नागरी संघटनांनी हा विषय लावून धरला. १९ डिसेंबर २०२४ रोजी केंद्रीय संसदेने, म्हणजे बुंडेस्टागने, ६०० मतांनी हे सगळं राज्यघटनेत नेलं. एखाद्या अडवणाऱ्या गटामुळे न्यायाधीशांची निवड होईना, तर एका सभागृहाऐवजी दुसऱ्याने निवड करायची अशी वाटही ठेवली. तेव्हा चॅन्सेलर शोल्त्स यांचं सरकार कोसळलेलं होतं, निवडणूक दोन महिन्यांवर होती, पक्ष एकमेकांच्या उरावर बसले होते. तरी एवढं झालं. दोन महिन्यांनी, २३ फेब्रुवारी २०२५ ला, एएफडीची मतं देशभर २०.८ टक्क्यांवर गेली, मागच्या वेळच्या दुप्पट. ६३० पैकी १५२ जागा. थ्युरिंगियात तर ३८.६ टक्के. मतदान ८२.५ टक्के झालं होतं. मतदान वाढलं की टोकाचे पक्ष आपोआप आकसतात, हा समज इथे मला सोडून द्यावा लागला. घरी बसणारे बाहेर आले, आणि त्यांतले बरेच एएफडीकडेच गेले.

मोर्च्यांबद्दल लिहायला हवं, कारण लाखो लोकांचं पहिलं पाऊल तेच होतं. १० जानेवारी २०२४ रोजी 'कोरेक्टिव्ह' या शोधपत्रकारांनी पॉट्सडामजवळच्या एका हॉटेलातल्या बैठकीची बातमी दिली. आदल्या नोव्हेंबरमधल्या त्या बैठकीत एएफडीचे लोक आणि इतर अतिउजवे एकत्र बसून स्थलांतरितांना मोठ्या संख्येने देशाबाहेर घालवण्याबद्दल बोलले होते. आठवड्याभरात शहरांमागून शहरं भरली. जर्मनीत सभेला परवानगी मागावी लागत नाही, नोंद करावी लागते. केंद्रीय कायद्यानुसार लोकांना जाहीर आवाहन करण्याच्या किमान ४८ तास आधी ती व्हायला हवी. काही राज्यांनी आपापले कायदे केले आहेत, ते आधी बघावेत. नोंदीत विषय, जागा, वेळ, मार्ग, अंदाजे संख्या आणि जबाबदार व्यक्तीचं नाव. त्या व्यक्तीने स्वयंसेवक नेमायचे. ते सज्ञान हवेत, विनामोबदला काम करणारे हवेत, आणि दंडावर पांढरी पट्टी, जिच्यावर 'ओर्डनर', म्हणजे व्यवस्था राखणारा, या शब्दापलीकडे काही लिहिलेलं चालत नाही. मग पोलिसांबरोबर एक बैठक होते. तिथे रुग्णवाहिकेची वाट, ध्वनिक्षेपक, प्रतिमोर्चा कुठे उभा राहणार, हे ठरतं.

बिघडतं ते बहुतेक वेळा अंदाजात. म्युनिकमध्ये २१ जानेवारीला २५ हजारांची नोंद होती, पोलिसांच्या हिशेबाने लाखभर लोक आले आणि गर्दीच्या भीतीने मोर्चा मध्येच थांबवावा लागला. दोन दिवस आधी हॅम्बुर्गमध्ये तेच. लोक आलेत आणि त्यांना घरी जा म्हणावं लागतंय, यात एक विलक्षण समाधान असतं, आणि एक धोकाही. मागच्या लोकांना व्यासपीठावरचं काही ऐकू येत नाही, भुयारी रेल्वेच्या जिन्यावर कोंडी होते, आणि पुढच्या पंधरवड्यात परत बोलावलं तर निम्मे येतात. दुसरी ठरलेली अडचण वक्त्यांची. कारखान्यातली संघटना, चर्च, हवामानवाले, पक्ष, स्थलांतरितांच्या संस्था, सगळ्यांना पाच मिनिटं हवी असतात. उणे तापमानात चौदा भाषणं ऐकून कोणाचंही मत पक्कं होत नाही, फक्त पाय बधिर होतात. आणि सीडीयूच्या माणसाला व्यासपीठावर घ्यायचं की नाही, यावरून फूट पडते. माझ्या मते घ्यावं, कारण लहान गावात त्याच्याशिवाय दुसरा कोणी उजवीकडचा लोकशाहीवादी उरत नाही. पण २९ जानेवारी २०२५ ला त्याच पक्षाने बुंडेस्टागमध्ये स्थलांतराविषयीचा एक ठराव एएफडीच्या मतांवर ३४८ विरुद्ध ३४४ असा मंजूर करून घेतला, तेव्हा ज्यांनी त्यांना व्यासपीठ दिलं होतं त्यांना काय वाटलं असेल, हेही समजतं. दोन दिवसांनी त्याच विषयावरचा कायदा मात्र पडला.

बर्लिन आणि हॅम्बुर्गमध्ये गर्दी माणसाला लपवते. पूर्वेकडच्या पंधरा हजार वस्तीच्या गावात चौकात उभं राहायचं म्हणजे पाव देणाऱ्या बाईसमोर, मुलाच्या फुटबॉल प्रशिक्षकासमोर, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यासमोर उभं राहायचं. तिथे 'ओमाज गेगेन रेश्ट्स', म्हणजे उजव्यांविरुद्धच्या आज्या, विणलेल्या टोप्या घालून दर आठवड्याला उभ्या असतात, कधी बारा जणी, कधी सात. व्हिएन्नामध्ये २०१७ साली सुरू झालेली ही गोष्ट पुढच्या वर्षी जर्मनीत आली. मोठ्या शहरातल्या एका लाखाच्या मोर्च्यापेक्षा मला त्या सात बायकांचं जास्त वाटतं. लाखाच्या मोर्च्यानंतर लोक गाडीत बसून घरी जातात. त्या सातजणी तिथेच राहतात.

हार्झ पर्वताच्या पायथ्याशी नॉर्डहाउझेन नावाचं चाळीसेक हजार वस्तीचं गाव आहे. गावाबाहेरच्या डोंगरात नाझींनी कैद्यांकडून बोगदे खोदून घेतले आणि त्यात व्ही-२ रॉकेटं बनवली. मिटेलबाउ-डोरा ही ती छावणी. साठ हजारांच्या आसपास माणसं तिथे राबवली गेली, त्यांतला तिसरा हिस्सा मेला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये इथे महापौराची निवडणूक झाली. पहिल्या फेरीत एएफडीचे यॉर्ग प्रोफेट ४२.१ टक्के, आणि विद्यमान अपक्ष महापौर काय बुखमान २३.७ टक्के. बुखमान फारसे कोणाला आवडत नव्हते. त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू होती, नगरपरिषदेशी त्यांचं पटत नव्हतं. अशा वेळी दुसऱ्या फेरीचं काम कठीण असतं, कारण 'याला मत द्या' म्हणायला कोणी तयार नसतं. तिथल्या लोकांनी मग उमेदवाराबद्दल बोलणंच कमी केलं. गाव जगात कशासाठी ओळखलं जावं, विद्यापीठात परदेशी विद्यार्थी येतील का, कारखान्याला माणसं मिळतील का, हे बोललं गेलं. स्मारकांच्या प्रतिष्ठानचे प्रमुख, इतिहासकार येन्स-क्रिस्टियान वाग्नर यांनी उघड सांगितलं की एएफडीचा महापौर डोराच्या स्मृतिदिनाला आम्हाला नको आहे. २४ सप्टेंबरला बुखमान ५४.९ टक्क्यांनी जिंकले. तीनच महिन्यांपूर्वी राज्याच्या दुसऱ्या टोकाला, झोनेबर्गमध्ये, एएफडीचा माणूस जिल्हाप्रमुख झाला होता आणि सगळे पक्ष एकत्र येऊनही तो हरला नव्हता. म्हणजे नुसतं एकत्र येणं पुरत नाही. सगळे एका बाजूला उभे राहिले की 'बघा, सगळे एकच आहेत' हे एएफडीचंच म्हणणं खरं दिसतं. नॉर्डहाउझेनमध्ये गावातली माणसं बोलली, पक्षांच्या मुख्यालयातली नाहीत, हा फरक मला मोठा वाटतो.

त्याच वाग्नर यांनी २०२४ च्या ऑगस्टमध्ये एक जुन्या पद्धतीचं काम केलं. पासष्टी ओलांडलेल्या जवळजवळ साडेतीन लाख थ्युरिंगियावासीयांना टपालाने पत्र पाठवलं. एएफडीचे लोक इतिहासाबद्दल काय बोलतात आणि त्याचा अर्थ काय होतो, हे त्यात होतं. खर्च 'कांपाक्ट' या नागरी संघटनेने केला. समाजमाध्यमांवर जे वय पोहोचत नाही ते पोस्टाची पेटी रोज उघडतं, हा साधा विचार. पत्रानंतर धमक्या आल्या. निवडणुकीत सत्तरीच्या वरच्या लोकांत एएफडीला त्या मानाने कमी मतं पडली, पण ती आधीही कमीच असायची, तेव्हा पत्राने किती केलं हे सांगता येत नाही. उलट १८ ते २४ च्या वयात त्यांनाच सर्वांत जास्त मतं मिळाली. त्या वयाला लिहिणारं कोणी नव्हतं, किंवा लिहिलं तरी ते टपालपेटी उघडत नव्हतं.

आता मतमोजणीकडे येतो, कारण माझ्या मते नागरिकाला सर्वांत थेट हात घालता येतो तो इथे. जर्मनीत मत कागदावरच देतात. केंद्रीय घटना न्यायालयाने ३ मार्च २००९ च्या निकालात तेव्हाची मतदान यंत्रं घटनाबाह्य ठरवली. कारण असं, की विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या माणसालाही मोजणी पडताळता आली पाहिजे. केंद्रावर पाच ते नऊ माणसांचं मंडळ असतं: एक प्रमुख, त्याचा बदली माणूस, तीन ते सात सदस्य. सगळे साधे मतदार. नगरपालिकेकडे नाव द्यायचं. कमी पडले तर पालिका बोलावते आणि सबळ कारणाशिवाय नकार देता येत नाही. केंद्रीय निवडणुकीत सदस्याला २५ आणि प्रमुखाला ३५ युरो चहापाण्याचे. सकाळी आठला दार उघडायचं, त्याआधी पेटी रिकामी आहे हे सगळ्यांनी बघायचं. संध्याकाळी सहाला दार बंद होत नाही, उलट खुलं राहतं. मोजणी बघायला कोणीही आत येऊ शकतं.

शाळेचा वर्ग, जोडलेली बाकं, पेटी उलटी केल्यावर घड्यांच्या कागदांचा ढीग. आधी न वापरलेल्या पत्रिका बाजूला करायच्या. मग आलेल्या पत्रिका मोजायच्या आणि यादीतल्या खुणांशी जुळवायच्या. इथे एकदोनाचा फरक निघाला तर घाईने पुढे जायचं नाही, परत मोजायचं. दोन कागद एकमेकांत अडकलेले असतात, किंवा यादीत खूण करायची राहिलेली असते. फरक राहिलाच तर तो नोंदवहीत लिहायचा, लपवायचा नाही. केंद्रीय पत्रिकेवर डावीकडे काळ्या छपाईत उमेदवाराचं मत, उजवीकडे निळ्या छपाईत पक्षाचं. दोन्ही एकाच पक्षाला असलेल्यांचे गठ्ठे पक्षवार, वेगवेगळं असलेल्यांचा एक गठ्ठा, कोऱ्यांचा एक, आणि शंकेच्या पत्रिका प्रमुखासमोर. फुलीऐवजी बरोबरची खूण चालते, हेतू स्पष्ट असला की झालं. पण बाजूला 'सगळे चोर' असं लिहिलं तर मत बाद, कारण पत्रिकेवर भर घालता येत नाही. शंकेच्या प्रत्येक पत्रिकेवर मंडळ मत घेतं आणि निर्णय मागच्या बाजूला लिहितं. थकलेल्या माणसाकडून होणारी ठरलेली चूक म्हणजे आकडा फोनवर सांगताना दोन ओळींची अदलाबदल. म्हणून एकाने वाचायचं, दुसऱ्याने कागदावर बोट ठेवून ऐकायचं.

हे इतक्या बारकाईने का सांगतो? २०१९ मध्ये थ्युरिंगियात एफडीपी हा पक्ष पाच टक्क्यांची अट ७३ मतांनी ओलांडून सभागृहात आला. त्याच पक्षाचे थोमास केमेरिष ५ फेब्रुवारी २०२० रोजी तिसऱ्या फेरीत ४५ विरुद्ध ४४ असे मुख्यमंत्री झाले, कारण एएफडीने स्वतःचा उमेदवार उभा ठेवून त्याला एकही मत दिलं नाही आणि सगळी मतं केमेरिष यांना दिली. डाव्या पक्षाच्या सुझान हेनिग-वेल्सोव यांनी अभिनंदनाचा गुच्छ त्यांच्या पायाशी टाकला. त्याच संध्याकाळी लोक रस्त्यावर आले, दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावरून तेव्हाच्या चॅन्सेलर मर्केल यांनी हे मागे फिरवा म्हटलं, आणि तीन दिवसांत राजीनामा आला. एका राज्याचा एवढा मोठा घटनात्मक पेच ७३ कागदांवर उभा होता. शेजारच्या सॅक्सनी राज्यात २०२४ मध्ये निवडणूक अधिकाऱ्यांनी आधी जाहीर केलेलं जागावाटप संगणकाच्या चुकीमुळे चुकीचं निघालं. दुरुस्तीनंतर एएफडीकडे १२० पैकी ४१ ऐवजी ४० जागा राहिल्या, आणि अडवणुकीची ताकद त्या एका जागेसरशी गेली. त्याच निवडणुकीत ड्रेस्डेनमध्ये टपाली पत्रिकांवर मूळ फुली झाकून 'फ्राये साक्सेन' या दुसऱ्या अतिउजव्या गटापुढे नवी फुली केलेली सापडली. ती सापडली मोजणीच्या टेबलावर बसलेल्या लोकांना. अशा टेबलावर लोकशाहीवादी माणसं बसलेली नसतील तर दुसरी बसतील. एएफडी आणि तिच्या आसपासचे लोक आपल्या माणसांना मोजणी बघायला जा असं सांगत असतातच. त्यात बेकायदा काही नाही, आणि त्यांना थांबवणं हा उपायही नाही. उपाय म्हणजे आपणही जाणं, नियम पाठ असणं.

या सगळ्यात एक गोष्ट मला अस्वस्थ करते, आणि तिचं उत्तर माझ्याकडे नाही. जे ३२.८ टक्के आहेत ते शेवटी तिथलेच लोक आहेत. थ्युरिंगियातलं झूलसारखं शहर १९८९ च्या सुमारास पन्नास हजारांच्या वर होतं, आता चाळीसच्या खाली आहे, आणि देशातल्या सर्वांत म्हाताऱ्या शहरांत मोजलं जातं. मुलं पश्चिमेला गेली, कारखाने गेले, मग डॉक्टर गेला, मग रविवारची बस गेली. कोकणातल्या, खानदेशातल्या कुलूप लागलेल्या घरांची ओळ ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. तरीही त्या रिकामेपणाचा राग ज्याने घर सोडलं त्याच्यावर न निघता, जो नव्याने आला त्याच्यावर का निघतो, हे मला पूर्णपणे समजलेलं नाही. अशा माणसाशी बोलताना आकडेवारी फेकून काही होत नाही. बसच्या वेळापत्रकावर बोललं तर संभाषण चालतं. पण बोलणं चालू ठेवायचं म्हणून त्याने 'परत पाठवा' म्हटलेलं ऐकून घ्यायचं, तेही समोर पुण्याहून आलेली तरुण मुलगी उभी असताना, हे मी कोणाला सांगू शकत नाही. रेघ कुठे ओढायची हे ज्याच्यावर ते शब्द पडतात त्याने ठरवावं.

आणि ती मुलगी आता तिथे आहे. येना शहरात काचेच्या आणि भिंगांच्या कारखान्यांत, इल्मेनाऊच्या तांत्रिक विद्यापीठात, एर्फुर्टच्या रुग्णालयांत. घरच्या फोनवर आई विचारते, 'बातम्यांत बघितलं, तुमच्याकडे ते लोक निवडून आले म्हणे, रात्री उशिरा बाहेर जाऊ नकोस गं.' मत देता येत नाही. पालिकेच्या निवडणुकीत युरोपीय संघाच्या नागरिकाला देता येतं, भारतीयाला तेही नाही. जर्मन राज्यघटनेच्या आठव्या कलमात सभेचा हक्क 'सर्व जर्मनांना' दिला आहे, त्यामुळे काही जण मोर्च्याला जायला घाबरतात. पण सभांच्या कायद्यातलं पहिलं कलम 'प्रत्येकाला' म्हणतं, आणि व्हिसावर असलेला माणूसही त्यात येतो. मोजणी बघायला नागरिकत्व लागत नाही. परदेशी रहिवाशांची सल्लागार परिषद अनेक शहरांत असते, तिची निवडणूक होते, आणि तिथे मतदान इतकं कमी होतं की वीस लोकांनी ठरवलं तरी माणूस निवडून येऊ शकतो. कारखान्यात कामगार परिषदेला उभं राहायलाही पासपोर्ट विचारत नाहीत. भारतीय मंडळींनी दिवाळी आणि गणपतीसाठी जी संघटनशक्ती उभी केली आहे, हॉल मिळवणं, परवाने, दोनशे लोकांचं जेवण, ती इथे जशीच्या तशी लागते.

पुढचा प्रश्न नागरिकत्वाचा, आणि तो अवघड आहे. २७ जून २०२४ पासून पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो. तीन वर्षांची सवलत पुढच्याच वर्षी काढून टाकली गेली. बी-१ म्हणजे रोजच्या व्यवहारापुरत्या पातळीचं जर्मन, स्वतःच्या कमाईवर घर चालत असल्याचे कागद, ३३ प्रश्नांच्या चाचणीत किमान १७ बरोबर, प्रौढाला २५५ युरो शुल्क, आणि नाझी राजवटीबद्दलची जर्मनीची ऐतिहासिक जबाबदारी मान्य असल्याची कबुली. चाचणीतले तीन प्रश्न आपल्या राज्याबद्दल असतात. जर्मनी आता जुनं नागरिकत्व ठेवू देते, पण भारत दुसरं घेऊ देत नाही. म्हणजे निळा पासपोर्ट परत करायचा, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड घ्यायचं, आणि शेतजमीन विकत घेण्याचा, महाराष्ट्रात मत देण्याचा हक्क सोडायचा. अर्ज मंजूर व्हायला अनेक शहरांत वर्षाहून जास्त लागतं, त्यामुळे 'निवडणूक जवळ आली की बघू' म्हणून चालत नाही. थ्युरिंगियाची पुढची विधानसभा निवडणूक ठरल्याप्रमाणे २०२९ मध्ये आहे. त्या वर्षी मत द्यायचं असेल तर जन्मदाखल्याची प्रत, ती खरी असल्याची पडताळणी आणि शपथेवरच्या भाषांतरकाराकडून करून घेतलेलं जर्मन भाषांतर ही तीन कामं आताच लावावी लागतात. गावच्या ग्रामपंचायतीतून दाखला मिळवण्यातच अनेकांचे सहा महिने जातात, आणि जुन्या दाखल्यावर नाव किंवा तारीख वेगळी निघाली तर त्याहूनही जास्त.